शब्दांची विचारपूस : 'नॉक अप' म्हणजे नेमके काय?

गेल्या अंकात अंबाजोगाईच्या एका शिक्षिकेचे पत्र छापून त्याचे उत्तर या अंकासाठी राखून ठेवले होते. ते पत्र वाचून परभणी, जालना, नांदेड आणि लातूर येथील वाचकांनीही त्याच इंग्रजी क्रियापदाविषयी आपापल्या शंका कळवल्या, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच प्रयोगाला दिले आहे. गेला अंक ज्यांच्या हाती नसेल त्यांच्यासाठी मूळ पत्र थोडक्यात पुन्हा देतो.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. 'नॉक अप' म्हणजे दार वाजवून झोपेतून उठवणे, असे मी शिकले आणि मुलांनाही तेच शिकवत आले. माझी एक विद्यार्थिनी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कामानिमित्त अमेरिकेतून आलेल्या सहकाऱ्यांबरोबर ती एका हॉटेलात उतरली होती. तिने रात्री सर्वांच्या ग्रुपवर 'प्लीज नॉक मी अप ॲट सिक्स' असा संदेश टाकला. काहींनी हसण्याची चिन्हे पाठवली, बाकीचे गप्प राहिले आणि सकाळी एका सहकारी बाईंनी तिला बाजूला घेऊन त्या वाक्याचा अर्थ सांगितला. तिने लगेच मला फोन लावला आणि विचारले, "मॅडम, वर्गात शिकवलेलं ते चुकीचं होतं का?" मी तिला काय उत्तर द्यावे, आणि वर्गात हे कसे मांडावे?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : आपण शिकवलेला अर्थ खरा आहे आणि तो बराच जुनाही आहे, हे आपल्या विद्यार्थिनीला आधी निःशंकपणे सांगावे. दार वाजवून कोणाला जागे करणे या अर्थाने 'नॉक अप' हा प्रयोग इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो, आणि ब्रिटनमध्ये तो अगदी परवापरवापर्यंत घराघरांत निर्धास्तपणे वापरला जात होता. तिच्या संदेशात व्याकरणाची चूकही नव्हती. 'मी' (म्हणजे 'मला') हे कर्म तिने 'नॉक' आणि 'अप' यांच्या मध्ये ठेवले, आणि सर्वनाम कर्म असेल तेव्हा ते तिथेच ठेवावे लागते. अडचण झाली ती वाचणाऱ्यांमुळे, कारण अमेरिकन इंग्रजीत याच प्रयोगाचा प्रचलित अर्थ एखाद्या स्त्रीला गरोदर करणे असा आहे, आणि तोही सभ्य बैठकीत न चालणारा. म्हणजे तिने ब्रिटिश इंग्रजीत 'सहा वाजता मला उठवा' असे लिहिले, आणि अमेरिकन सहकाऱ्यांनी ते 'सहा वाजता मला गरोदर करा' असे वाचले. हे छापताना मला संकोच वाटत नाही, कारण हा अर्थ तिला वर्गातच स्पष्ट शब्दांत सांगितला गेला असता तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

पहिला अर्थ ब्रिटनमध्ये किती खोल रुजला होता, हे समजण्यासाठी त्याच्याशी जोडलेला एक व्यवसाय पाहावा लागतो. कारखानदारी वाढली तशी लँकेशायरच्या सूतगिरण्यांत आणि लंडनच्या गोदीत पहाटेच्या पाळीला वेळेवर हजर राहणे हजारो कामगारांना भाग पडले. गजराचे घड्याळ त्या काळी सर्वांच्या आवाक्यात नव्हते. त्यामुळे आठवड्याला काही पेनी घेऊन पहाटे लोकांना उठवत फिरणारी माणसे प्रत्येक कामगारवस्तीत असत, आणि त्यांना 'नॉकर-अप' म्हणत. त्यांच्या हातात लांब, हलकी काठी असे आणि तिच्या टोकाला तारांचा छोटा झुबका बांधलेला असे. माणसे वरच्या मजल्यावर झोपलेली असत, म्हणून खालच्या दाराला हात न लावता ती काठी उंच करून वरच्या खिडकीच्या काचेवर हलकेच टकटक केली जाई. टकटक हलकी ठेवण्यामागे हिशेब होता, कारण ज्या शेजाऱ्याने पैसे दिले नाहीत त्याला फुकट जागे करायचे नव्हते, आणि ज्याला जाग नको होती त्याच्या शिव्याही खायच्या नव्हत्या. आतून उत्तर आल्याखेरीज जागचे हलायचे नाही, हा त्या धंद्याचा शिरस्ता होता. काही गावांत घराबाहेर पाटी टांगलेली असे आणि तिच्यावर खडूने उठवण्याची वेळ लिहून ठेवली जाई. गस्तीवरचे काही पोलीसही हे काम करून चार पैसे जास्तीचे मिळवत. पूर्व लंडनमधील मेरी स्मिथ या बाई काठीऐवजी नळीतून वाळलेले वाटाणे फुंकून खिडकीवर मारत, आणि त्यांचे त्या पवित्र्यातील छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. घड्याळे स्वस्त झाली तसा हा व्यवसाय ओसरत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो नामशेष झाला. क्रियापद मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

आपल्याकडे इंग्रजी ब्रिटिशांकडून आले, म्हणून शाळेतील व्याकरणाच्या पुस्तकांत आणि वाक्प्रचारांच्या याद्यांत हाच अर्थ उतरला, आणि एका यादीवरून दुसरी यादी करताना तो तसाच पुढे सरकत राहिला. दरम्यान नोकरीच्या ठिकाणी आणि पडद्यावर आपल्या मुलांची गाठ अमेरिकन इंग्रजीशी पडू लागली, आणि यादी जिथल्या तिथे राहिली. इतकेच काय, चित्रपट आणि मालिकांमुळे अमेरिकन अर्थ आता ब्रिटनमध्येही सर्वांना ठाऊक झाला आहे, त्यामुळे तिथली तरुण माणसेही 'उठवणे' या अर्थाने हा प्रयोग जपूनच करतात. आजचे शब्दकोश त्या अर्थापुढे 'ब्रिटिश' अशी खूण करतात, आणि काही कोश 'जुना प्रयोग' असेही नोंदवतात. आपल्याकडे अर्थ पाठ करून घेतले जातात, पण त्यांच्यापुढची ही खूण कोणी वाचायला लावत नाही. माझ्या मते फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला 'अप'सारखा छोटा शब्द जोडून होणारे प्रयोग, शिकवण्यात आपण सर्वांत जास्त कमी पडतो ते इथेच.

अमेरिकन अर्थही काही कालपरवाचा नव्हे. 'नॉक' हे क्रियापद शरीरसंबंधाच्या अर्थाने इंग्रजी बोलभाषेत सोळाव्या शतकापासून वापरात होते, आणि 'नॉक्ड अप' म्हणजे गरोदर हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आढळतो. त्याची वाक्यरचना मुलांना मुद्दाम दाखवावी. 'ही नॉक्ड हर अप' (त्याने तिला गरोदर केले) या वाक्यात पुरुष कर्ता आहे आणि स्त्री केवळ कर्म आहे. गर्भधारणा ठरवून झालेली नाही, बहुधा ती लग्नावाचून झाली आहे, आणि बोलणाऱ्याला त्या स्त्रीविषयी फारसा आदर नाही, अशा तिन्ही छटा त्यात मिसळलेल्या असतात. मराठीत आपण 'तिला दिवस गेले आहेत' असे म्हणतो. मराठी नव्याने शिकणारा परदेशी माणूस 'दिवस' आणि 'जाणे' हे दोन्ही शब्द कोशात पाहील आणि तरी गोंधळेल, इथवर दोन्ही प्रयोग सारखे आहेत. पण 'दिवस जाणे' हे सासूबाईंसमोर किंवा दवाखान्यात डॉक्टरांसमोर म्हणता येते, तर 'नॉक्ड अप' हे अमेरिकेतही कोणत्या गरोदर बाईला तोंडावर म्हणू नये. तिथे 'प्रेग्नंट' किंवा 'एक्स्पेक्टिंग' म्हणणेच योग्य असते.

वर्गात हे कसे मांडावे, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. मुलांना आधी एसटीच्या बसस्थानकावरचे रोजचे बोलणे आठवायला सांगावे. 'लातूर गाडी लागली का?' या प्रश्नात गाडी फलाटाला येऊन उभी राहिली का, एवढेच विचारलेले असते. त्याच रांगेतली एखादी बाई 'मला गाडी लागते हो, खिडकीची जागा द्या' म्हणते, तेव्हा तिला प्रवासात मळमळते हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. शब्द तेच राहतात, पण दुसऱ्या वाक्यात 'मला' आल्याबरोबर अर्थ फिरतो. कोणाला काय लागते याकडे मुले मराठीत नकळत लक्ष देतात, तेच लक्ष त्यांनी इंग्रजीत जाणूनबुजून द्यावे. 'नॉक अप'चे कर्म माणूस आहे, जेवण आहे, धावा आहेत की कागदाचा गठ्ठा आहे (हे बाकीचे अर्थ पुढच्या उत्तरांत येतील), हे पाहिले की निम्मी शंका मिटते. उरलेली निम्मी बोलणारा कुठला आणि ऐकणारा कुठला हे पाहिल्यावर मिटते.

त्यानंतर गरोदरपणाचा अर्थ सरळ सांगून टाकावा. अकरावी-बारावीच्या मुलामुलींना तो सांगताना शिक्षकांची जीभ अडखळते, हे मी समजू शकतो, कारण आपल्या भागातील वर्गात असा विषय निघाला की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. तरीही ती क्षणभराची कुजबुज परवडली. खेड्यातून शिकून पुढे गेलेल्या मुलीला परक्या लोकांच्या ग्रुपवर, स्वतःचा काहीही दोष नसताना, मान खाली घालावी लागणे हे फार वाईट आहे.

विद्यार्थिनीला यापुढे 'प्लीज वेक मी अप ॲट सिक्स' किंवा 'प्लीज नॉक ऑन माय डोअर ॲट सिक्स' असे लिहायला सांगावे. ही दोन्ही वाक्ये ब्रिटन, अमेरिका आणि भारत, तिन्हीकडे एकाच अर्थाने वाचली जातात. हॉटेलच्या स्वागतकक्षाला सांगायचे असेल तर 'वेक-अप कॉल' हा तिथला रूढ शब्द आहे.

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळते. तिचे जुने प्रशिक्षक सामन्याआधीच्या सरावाला 'नॉक-अप' म्हणतात, आणि नवे प्रशिक्षक त्यालाच 'वॉर्म-अप' म्हणतात. गेल्या अंकातील पत्र वाचल्यावर मैदानावर हा शब्द वापरावा की नाही, असा प्रश्न पडला आहे.
— एक पालक, परभणी

उत्तर : निर्धास्तपणे वापरावा. टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश अशा रॅकेटच्या खेळांत सामना सुरू होण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याबरोबरच गुण न मोजता काही फटके खेळतात, त्याला ब्रिटिश इंग्रजीत 'नॉक-अप' म्हणतात. हा शब्द नाम म्हणून येतो, त्यामुळे लिहिताना मध्ये जोडरेघ देतात आणि बोलताना जोर 'नॉक'वर पडतो. अमेरिकन खेळाडू त्याच सरावाला 'वॉर्म-अप' म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही आज बहुधा हाच शब्द दिसतो. टेनिसमध्ये या सरावाला साधारण पाच मिनिटे मिळतात. बॅडमिंटनमध्ये त्याहून कमी वेळ मिळतो, आणि तेवढ्यात शटल जड आहे की हलके आणि सभागृहात वारा कोणत्या बाजूने येतो, याचा अंदाज घ्यावा लागतो. दोन्ही प्रशिक्षक बरोबर आहेत, आणि जुन्या प्रशिक्षकांचा शब्द त्यांनी ज्यांच्याकडून खेळ शिकला त्या पिढीचा आहे.

क्रिकेटमध्येही हे क्रियापद भेटते. ब्रिटिश समालोचक एखाद्या फलंदाजाने भराभर धावा जमवल्या की तो 'नॉक्ड अप फिफ्टी' असे म्हणतात, आणि एकट्या फलंदाजाच्या खेळीला 'नॉक' म्हणतात. आपल्याकडची मुले नव्या इंग्लिश विलोच्या बॅटला लाकडी हातोडीने ठोकून घेतात, त्याला 'नॉकिंग' म्हणतात, पण तो प्रयोग 'नॉक इन'चा आहे. लाकडाचे तंतू दाबले जाऊन चेंडूच्या माऱ्याने बॅट फुटू नये, म्हणून ती ठोकणी करतात. तिचा 'नॉक अप'शी संबंध नाही.

प्रश्न : असईच्या लढाईविषयीच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात घोडे 'नॉक्ड अप' झाल्याचा उल्लेख वाचला. आपल्या सदरातील पत्रात दिलेला कोणताच अर्थ तिथे बसत नाही. लेखकाला काय म्हणायचे असावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : घोडे दमून निकामी झाले होते, असे म्हणायचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या ब्रिटिश लेखनात 'नॉक्ड अप' म्हणजे पार थकलेला हा अर्थ अगदी सामान्य होता. घोडे, बैल आणि सैनिक यांच्याबद्दल तो जसा वापरत, तसाच नाजूक प्रकृतीच्या घरंदाज स्त्रियांबद्दलही वापरत, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. आपण ज्या प्रसंगाविषयी वाचत आहात तिथे तो चपखल बसतो. जालना जिल्ह्यातील असईजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीची फौज सकाळपासून मजल मारून आली आणि विश्रांती न घेता त्याच दुपारी शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी भिडली. लढाई जिंकल्यावरही पाठलाग करण्याइतके बळ तिच्यात उरले नव्हते. अशा वेळी त्या काळचा इंग्रज लेखक हाच शब्द वापरणार.

या अर्थातील 'अप' लक्षात घेण्याजोगा आहे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे आणि 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, यांत क्रिया शेवटापर्यंत गेल्याचा जो भाव आहे तोच इथे दिसतो. मराठीत हे काम 'टाकणे' आणि 'जाणे' करतात : खाऊन टाकले, दमून गेला. 'वेक अप' किंवा 'गेट अप' मधील 'अप' मात्र खाली पडलेल्याला वर आणणारा आहे, आणि उठवण्याच्या अर्थातील 'नॉक अप' त्यांच्या पंगतीत बसतो. एकाच रूपात दोन वेगळे 'अप' नांदत असल्यामुळे एकीकडे थकून आडवे होणे आणि दुसरीकडे झोपेतून उभे राहणे, असे जवळजवळ उलटे अर्थ एका क्रियापदाला मिळाले. जुनी पुस्तके वाचताना लेखनाचे शतक आधी पाहावे. दमण्याचा अर्थ आजच्या बोलण्यातून जवळपास गेला आहे, त्यामुळे तो वाचताना ओळखावा, पण स्वतः बोलताना वापरू नये.

प्रश्न : माझा छापखाना आहे. एका इंग्रजी माहितीपुस्तिकेत कागद 'नॉक अप' करून मगच कटिंग मशिनमध्ये घाला, अशी सूचना आहे. याचा अर्थ आम्ही लावला तोच आहे ना?
— एक मुद्रक, नांदेड

उत्तर : आपण लावलेला अर्थ बरोबर आहे. छापलेल्या कागदांचा गठ्ठा दोन्ही हातांत सैल धरून, कागदांमध्ये थोडी हवा जाऊ देऊन, आधी लांब आणि मग आखूड कड टेबलावर ठोकत सगळ्या कडा एका रेषेत आणणे, याला ब्रिटिश छपाई आणि पुस्तकबांधणीच्या धंद्यात 'नॉक अप' म्हणतात. अमेरिकन पुस्तिकेत त्याच कामाला 'जॉग' हा शब्द आढळेल, आणि हे काम करणाऱ्या थरथरत्या टेबलाला 'जॉगर' म्हणतात. या क्रियापदाचे बाकीचे अर्थ थापेपासून किंवा ठोक्यापासून बरेच लांब गेले आहेत. इथे कागद खरोखरच ठोकला जातो, म्हणून हा अर्थ मला विशेष आवडतो.

प्रश्न : मी लातूरला शिकायला आलेल्या मुलांसाठी खानावळ चालवते आणि मोबाईलवर इंग्रजी पाककृती पाहते. एक ब्रिटिश आचारी 'लेट्स नॉक अप अ क्विक सपर' असे नेहमी म्हणतो. माझ्याकडे जेवणारी एक मुलगी गेल्या अंकातील पत्र वाचून म्हणाली, "काकू, हे शब्द तुम्ही कुठं बोलू नका." तिचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक गृहिणी, लातूर

उत्तर : आचारी जे म्हणतो त्यात काहीही वावगे नाही. हाताशी असेल त्या सामानातून झटपट काहीतरी करणे, हा 'नॉक अप'चा आजही ब्रिटनमध्ये पूर्णपणे चालू असलेला अर्थ आहे, आणि उठवण्याच्या अर्थापेक्षा आज तोच अधिक कानी पडतो. रात्री साडेनऊला चार मुले अचानक वाढली आणि आपण कांदा चिरून, डाळीचे पीठ कालवून दहा मिनिटांत पिठले टाकले, तर ते 'नॉक अप' केले असे म्हणता येईल. पुरणपोळीला मात्र हे क्रियापद चालणार नाही, कारण पुरण शिजवून वाटण्यापासून पोळी लाटेपर्यंत तिला जो वेळ आणि जी निगुती लागते, ती या शब्दात बसत नाही. जेवणाखेरीज फळ्या ठोकून केलेले कपाट, मागच्या अंगणातील पत्र्याची शेड, घाईने तयार केलेला नकाशा, यांनाही हेच क्रियापद लावतात. वस्तू कामापुरती झाली आहे, पण ती फार सफाईची नाही, असा भाव त्यात असतो, म्हणून दुसऱ्याच्या हातच्या स्वयंपाकाबद्दल बोलताना जरा जपून वापरावे.

त्या मुलीची काळजी एका बाबतीत रास्त आहे. क्रियापदानंतर पदार्थाचे नाव आले तर गैरसमज होत नाही, पण माणूस किंवा माणसाचे सर्वनाम आले तर होऊ शकतो. शिवाय ती मुलगी पुढे अमेरिकन लोकांबरोबर काम करणार असेल, तर तिथे झटपट पदार्थ करण्यासाठी 'व्हिप अप' किंवा 'थ्रो टुगेदर' म्हणतात, हे तिने आजच लिहून ठेवावे. आपण पाककृती पाहताना आचाऱ्याचेच शब्द म्हणायला हरकत नाही.